रंग गेलेल्यांची ओळख

(मानखुर्द येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, छपाईसाठी थोडं आवरून)



ज्यांच्या आठवणीने आपण दरवर्षी इथे जमतो त्यांना या सभागृहातली निम्मी माणसं 'सर' म्हणत आणि उरलेली निम्मी, त्यांच्या पाठीमागे, 'डबकेवाले सर'. हे दुसरं नाव सरांना ठाऊक होतं, आणि ते त्यावर मनातून खूश होते असा माझा पक्का संशय आहे. त्यांच्या खिडकीत लोणच्याच्या रिकाम्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत. एकीत रेल्वे रुळांकडेच्या खड्ड्यातलं पाणी, दुसरीत गच्चीवरच्या फुटक्या कुंडीतलं, तिसरीत खाडीकडच्या तिवरांमधलं मचूळ. प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी. पहिल्या ओळीत तारीख, दुसऱ्या ओळीत जागा आणि तिसऱ्या ओळीत प्रश्नचिन्ह. काही बरण्यांवर ते प्रश्नचिन्ह दोन-दोन वर्षं तसंच असे. वहिनींची तक्रार एवढीच, की कैऱ्या येतात त्या दिवसांत घरात एक बरणी मोकळी मिळत नाही.

मी आज बोलणार आहे ते त्या तिसऱ्या ओळीबद्दल.

माझी स्वतःची सुरुवात गुलाबी पॅरामीशियमपासून झाली. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेला 'स्पॉटिंग' असे. ओळीने मायक्रोस्कोप मांडलेले, प्रत्येकाखाली एक पक्की स्लाइड, घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे सरकायचं. त्या स्लाइडांमधले जीव कारमाइनने नाहीतर हिमॅटॉक्सिलिनने रंगवलेले. त्यामुळे आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांची प्रामाणिक समजूत होती की पॅरामीशियम गुलाबी असतं आणि अमीबा जांभळा. मी स्पॉटिंगमध्ये पैकीच्या पैकी गुण मिळवले. कसे, तेही सांगते. ज्या काचेच्या कोपऱ्याला टवका गेला होता ती पॅरामीशियमची, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं.

पुढे मी स्वतः शिकवायला लागले, तेव्हा एका रविवारी सरांकडे गेले. बरणीतल्या पाण्यावर साय धरली होती. सायीखालचा एक थेंब त्यांनी ड्रॉपरने उचलला, काचपट्टीवर ठेवला, वर कव्हरस्लिप टाकली आणि मला म्हणाले, बघा. मी डोळा लावला. लख्ख पांढरा उजेड, बाकी काही नाही. मी तसं सांगितलं. सरांनी एक शब्द न बोलता कंडेन्सरखालचा डायफ्रॅम आवळला. उजेड मंदावला आणि ते रिकामं वर्तुळ दादर स्टेशनासारखं गजबजलं. ते सगळे जीव आधीही तिथेच होते. मीच त्यांना उजेडात बुडवून ठेवलं होतं.

यातलं कारण साधं आहे. हे जीव बहुतांशी पाणीच. उजेड पाण्यातून जसा वळतो जवळजवळ तसाच त्यांच्या अंगातून वळतो, म्हणून ते डोळ्याला सापडत नाहीत. या अडचणीवर फ्रिट्स झर्निके या डच शास्त्रज्ञाने फेज कॉन्ट्रास्टचा तोडगा काढला आणि त्याला १९५३ चं नोबेल मिळालं. सरांकडे असा मायक्रोस्कोप नव्हता. त्यांचा तोडगा म्हणजे जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा. तो कंडेन्सरखाली एका बाजूने सरकवायचा, म्हणजे उजेड तिरपा येतो. भिंतीवर संध्याकाळचं तिरपं ऊन आलं की गिलाव्याचे खड्डे-उंचवटे कसे उठून दिसतात, तसं.

बरणीत काय, कधी येतं यालाही एक क्रम असतो. पाण्यात भाताचा पेंढा चिमूटभर टाकला की आधी जिवाणू माजतात, पाणी गढुळतं, वास येतो. मग त्यांच्यावर जगणारे बारीक चाबकेवाले येतात. हा शब्दही सरांचाच. पुस्तकात त्यांना कशाभिकाधारी म्हणतात, आणि तो शब्द उच्चारेपर्यंत जीव काचेच्या पलीकडे गेलेला असतो. मग पापणीसारखे केस असलेले, म्हणजे पॅरामीशियमचे भाऊबंद. शेवटी या सगळ्यांना खाणारे. मानखुर्दच्या उकाड्यात हे नाटक आठ-दहा दिवसांत आटोपतं. त्यामुळे आज पाहिलेला जीव पुढच्या रविवारी दाखवीन असं कुणाला सांगू नये.

यातले जवळपास सगळे बिनरंगाचे. मग ओळखायचे कसे?

एक जोडी सांगते, म्हणजे कळेल. अ‍ॅस्टेशिया आणि पेरानिमा. दोन्ही लांबुडके, दोन्ही बिनरंगाचे, दोन्ही अंग आक्रसतात, फुगवतात. पुस्तकातल्या चित्रांत मला तरी दोन्ही सारखेच दिसत. पण जिवंत थेंबात एक मिनिट थांबा. अ‍ॅस्टेशियाचा चाबूक मुळापासून टोकापर्यंत वळवळत असतो आणि तो स्वतःभोवती गिरक्या घेत पोहतो. पेरानिमा पोहत नाही, काचेवरून सरपटतो, आणि तेही इतकं संथ की कुणी दोऱ्याने ओढत असावं. त्याचा चाबूक पुढे ताठ असतो. काठीसारखा. हलतं ते फक्त टोक, वाट चाचपल्यासारखं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, याला सोंड आहे. वाटेत शेवाळाचा तंतू आडवा आला की तो थांबतो, अंगाचा गोळा करतो, एका बाजूने फुगतो, दुसऱ्या बाजूने चिंचोळा होतो आणि नव्या दिशेने पुन्हा तसाच निघतो. मोठ्यात मोठा पेरानिमा साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीएवढा. त्याला दुसराही एक चाबूक असतो, पोटाला चिकटलेला. शाळेच्या मायक्रोस्कोपातून तो दिसत नाही. न दिसला तरी बिघडत नाही, कारण ती चाल दुसऱ्या कुणाची नसते.

नेमकं इथेच मी तोंडघशी पडले होते. एका लांबुडक्या जिवाच्या पोटात मला हिरवा ठिपका दिसला. मी वहीत ऐटीत 'युग्लिना' लिहिलं. सरांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही त्याचं जेवण ओळखलंत." तो पेरानिमाच होता. युग्लिना गिळून बसला होता.

चालीनंतर आयोडीन. हा क्रम उलटा करू नका, कारण आयोडीनने जीव मरतो आणि मेलेल्याची चाल बघता येत नाही. प्रयोगशाळेतलं ल्युगॉलचं द्रावण असेल तर उत्तम, नसेल तर औषधाच्या दुकानातलं बीटाडीन पाण्यात पातळ करून चालतं. आधी भाताच्या शितावर निळं-काळं होतंय ना, ते पाहून घ्या. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब ठेवायचा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावायचा. द्रावण आपोआप आत ओढलं जातं. चाबकेवाले थबकतात, त्यांचे चाबूक ठळक होतात आणि मोजता येतात. पॉलिटोमाला दोन, सारख्या लांबीचे. पॉलिटोमेलाला चार. कायलोमोनास असेल तर तोंडाकडच्या खाचेतून निघालेले दोन, किंचित लहान-मोठे. या तिघांच्याही पोटातले दाणे निळे-काळे होतात, म्हणजे आत पिष्ट आहे. अ‍ॅस्टेशियाच्या पोटातही चकचकीत दाणे असतात, पण ते आयोडीनला दाद देत नाहीत. तो साठा पॅरामायलॉनचा, वेगळ्याच घराण्याचा.

आता विचार करा. ज्याला हिरवा रंग नाही, जो सूर्यप्रकाशावर अन्न करत नाही, त्याच्या पोटात तांदळाच्या दाण्यासारखं पिष्ट कशाला? आपण मुंबईकरांनी हे दृश्य पाहिलं आहे. गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, पण गोदाम आणि चिमणी उभीच. पॉलिटोमाचे पूर्वज हिरवे होते. हरितद्रव्य गेलं, पण ते जिथे असे ती पेशीतली खोली शिल्लक राहिली, आणि पिष्टाची साठवण अजून तिथेच होते. फक्त माल बाहेरून येतो, सडक्या पाण्यातून.

रंग असा जातो हे प्रयोगशाळेत डोळ्यांसमोर घडवूनही दाखवलं गेलं आहे. युग्लिना अंधारात ठेवला की फिकट पडतो, उजेडात आणला की पुन्हा हिरवा होतो. पण १९४८ मध्ये प्रोव्हासोली, हटनर आणि शाट्झ यांनी युग्लिनाला स्ट्रेप्टोमायसिन दिलं, तेच क्षयावरचं औषध, ज्याच्या शोधात या शाट्झचाच मोठा वाटा होता. तो युग्लिना पांढरा झाला आणि त्याच्या पुढच्या पिढ्याही पांढऱ्याच निपजल्या, उजेडात ठेवूनसुद्धा. जर्मन शास्त्रज्ञ प्रिंग्सहाइम यांनी अशा रंग गेलेल्यांचा ध्यास घेतला आणि १९६३ मध्ये रंगहीन शैवालांवर अख्खा ग्रंथ काढला. त्यांनीच नाव दिलेल्या एका अ‍ॅस्टेशियाच्या त्या रिकाम्या खोलीतली गुणसूत्राची पोथी पुढे वाचली गेली. हिरव्या युग्लिनाच्या हरितलवकात ती सुमारे १,४३,००० अक्षरांची असते. या रंगहीन भावंडाकडे उरली सुमारे ७३,०००. प्रकाशावर अन्न करण्याची जवळजवळ सगळी पानं फाटलेली, एखादंच चुकून राहिलेलं. आता त्या जिवाचं नावही बदलून युग्लिना लाँगा झालं आहे, म्हणजे पांढरा असला तरी तो युग्लिनाच्या घरातला ठरला.

म्हणून सांगते, 'रंगहीन' ही जात नाही. ती अनेक घरांवर वेगवेगळ्या वेळी ओढवलेली परिस्थिती आहे. कुणी रंग गमावला, कुणाकडे तो कधी नव्हताच. विद्यापीठांची मात्र यात मोठी पंचाईत. युग्लिना हिरवा म्हणून वनस्पतिशास्त्रवाले शिकवणार, आणि हलतो-चालतो म्हणून प्राणिशास्त्रवाले. एकाच विद्यार्थ्याला एकाच वर्षी, एकाच जिन्याच्या दोन मजल्यांवर, तोच जीव दोनदा काढावा लागे. वरच्या मजल्यावर तो झाड असे.

असल्या जिवांचा शोध मुंबईला नवा नाही. १८४० च्या दशकात हेन्री जॉन कार्टर नावाचा डॉक्टर कंपनीच्या मुंबई सैन्यात नोकरीला आला. जन्म इंग्लंडातल्या डेव्हनचा, १८१३ चा. दिवसा रुग्ण आणि उरलेल्या वेळात मुंबई बेटावरची तळी, असा त्याचा परिपाठ असावा, कारण त्याने लिहिलेलं प्रचंड आहे. १८४९ मध्ये मुंबईच्या तळ्यांतल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर, १८५६ मध्ये मुंबई बेटावरच्या सूक्ष्म जलजीवांवर, १८५९ मध्ये व्हॉल्व्हॉक्स, युग्लिना आणि आपला हा अ‍ॅस्टेशिया यांच्यावर. १८६२ मध्ये तो मायदेशी परतला. १८७८ मध्ये श्टाइन या शास्त्रज्ञाने एका व्हॉल्व्हॉक्सला त्याचं नाव दिलं, व्हॉल्व्हॉक्स कार्टेरी. एकपेशीय जीवांतून अनेकपेशीय शरीर कसं घडलं हे शोधणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळा आज हा हिरवा गोळा पाळतात. २०१० मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला.

कार्टर चुकलाही, आणि त्याची चूक मला त्याच्या शोधांइतकीच महत्त्वाची वाटते. तेव्हा मुंबईत नारूचा त्रास फार. कार्टरला संशय आला की नारू तळ्याच्या पाण्यातून येतो. त्याने तळ्यांचा गाळ तपासला, त्यात बारीक कृमी सापडले, नारूच्या पिल्लांशी जुळतात असं त्याला वाटलं आणि तेच गुन्हेगार ठरले. तळं बरोबर होतं, जीव चुकीचा. नारूची पिल्लं सायक्लॉप्स नावाच्या पाणपिसवेच्या पोटात असतात हे फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास दाखवलं. तोच सायक्लॉप्स पाणी गाळून अडवता येतो, हे पुढे कळलं आणि फडक्याने पाणी गाळणं हा नारू हटवण्यातला मोठा उपाय ठरला. भारत नारूमुक्त जाहीर झाला २००० मध्ये. आपल्यातल्या साठीपुढच्यांना गावाकडची नारूची जखम आणि काडीला गुंडाळत इंच-इंच ओढलेला तो दोरा आठवत असेल.

कार्टरच्या काळातली मुंबईची बहुतेक तळी आता नाहीत. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक. नावं राहिली, पाणी गेलं. काही रस्ते आणि इमारतींसाठी बुजवली, काही विहिरी-तळी मलेरियाच्या धास्तीने. १९११ मध्ये बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिल्यावर विहिरींवर गदा आली हे सर्वश्रुत आहे. डासांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, मी त्याविरुद्ध बोलत नाही. पण यातली एक गंमत सरांना फार आवडे. १९९० च्या दशकात असं दिसून आलं की मलेरियाच्या परजीवीच्या पेशीतही तशीच एक जुनी रिकामी खोली आहे, कुठल्याशा प्राचीन शैवालाकडून आलेली. प्रकाशाचं काम कधीच सुटलं, पण तिच्याशिवाय त्याचं चालत नाही. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालून आल्यावर लेप्टोसाठी जी डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात, तीच गोळी मलेरियाच्या परजीवीवर चालते ती या खोलीवर घाव घालून. म्हणजे ज्याच्या भीतीने आपण तळी बुजवली, तोही रंग गेलेल्यांपैकीच एक.

आता ज्यांच्याकडे रंग कधी नव्हताच त्यांचं एक उदाहरण, आपल्याच राज्यातलं. सरांच्या जवळजवळ प्रत्येक बरणीत बोडो असे. पाच-दहा मायक्रॉनचा, रक्तातल्या तांबड्या पेशीएवढा, घेवड्याच्या दाण्यासारखा, मागचा लांब चाबूक फरपटत झटके देत जाणारा. अगदी निरुपद्रवी, जिवाणू खाऊन राहणारा. याच्या जवळच्या नात्यात ट्रिपॅनोसोमा येतो. जनावरांना होणारा सर्रा हा रोग त्याच्या एका जातीमुळे होतो, आणि ती जात ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये तेव्हाच्या हिंदुस्थानात घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिली. माणसाला ती बाधत नाही असंच सगळे धरून चालत. मग २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात ती सापडली. जगातली ही पहिली नोंदलेली घटना. त्या माणसाच्या रक्तात या परजीवीला मारणारं एक प्रथिनच नव्हतं असं पुढे दिसलं. औषधाने तो बरा झाला. मला राहून राहून वाटतं ते तिथल्या रक्तपट्टीकडे पाहणाऱ्या डोळ्यांबद्दल. मलेरिया शोधायला बसलेल्या माणसाने वळवळणारा, भलताच, बिनबोलावलेला जीव पाहिला आणि 'असं नसतं' म्हणून काच बाजूला केली नाही.

आता त्या प्रश्नचिन्हाकडे येते. लोकांना वाटतं, ओळख म्हणजे लॅटिन नाव. माझ्याकडे मुलं मोबाइलवर काढलेले फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "मॅडम, स्पीशीज?" फोटोत एक पांढुरका ठिपका. चाल नाही, माप नाही, पाणी कुठलं ते नाही. अशा वेळी 'बारीक चाबकेवाला, बोडोसारखा' इथवरच जाता येतं, आणि इथवर गेलेलं उत्तर चुकीच्या लॅटिन नावापेक्षा खरं असतं. बोडोच्या जाती डोळ्याने वेगळ्या काढता येत नाहीत, त्याला डीएनए लागतो. पेरानिमा मात्र वंशापर्यंत शाळकरी मूलही नेऊ शकतं. कुठला जीव कुठपर्यंत न्यायचा हे बरण्यांपुढे बसूनच कळतं. सर पेन्सिलीने लिहीत, ते याचसाठी.

साधनांची सबब आता फारशी चालणार नाही. मनू प्रकाश यांनी २०१४ मध्ये जाहीर केलेला कागदी फोल्डस्कोप आहे. आणि इथून जवळच, वि. ना. पुरव मार्गावर, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं १९७४ पासूनचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. २००८ मध्ये जगभरची मुलं जीवशास्त्र ऑलिंपियाडसाठी मुंबईत आली तेव्हा यजमानपद याच केंद्राकडे होतं. मानखुर्द म्हटलं की लोकांना शेजारच्या देवनारचा कचरा आठवतो. त्यांना हेही सांगत चला.

मागच्या टेबलावर तीन मायक्रोस्कोप ठेवले आहेत. एक सरांचा आहे, त्याचा डायफ्रॅम थोडा अडकतो, जोर करू नका. ज्यांनी घरून बाटलीत पाणी आणलं आहे त्यांनी झाकणं आत्ताच सैल करावीत. बंद बाटलीत हवा संपली की आतली मंडळी मरतात, आणि मग तुम्हाला दाखवायला माझ्याकडे फक्त आयोडीन उरेल. चिकटपट्टी आणि पेन्सिल टेबलावरच आहे. तारीख आणि जागा आधी लिहा.